आठ किलो

माझ्या लिव्हरमध्ये चरबी आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. शेजारच्या खुर्चीवर नवरा होता, मागे भिंतीला टेकून चुलतभाऊ उभा होता. पुण्याच्या हॉस्पिटलातली ती खोली इतकी थंड होती की माझ्या हातावर काटा आला होता.

मग डॉक्टर पुढे म्हणाले, "घाबरायचं काही नाही. वजन आठ किलो उतरवलं तर चरबी कमी होईल. मग ह्यांचं लिव्हर चालेल. दोन महिने आहेत आपल्या हातात."

नवऱ्यानं लगेच मान डोलावली. "करंल ती," तो म्हणाला.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. माझं शिक्षण, माझं लग्न, वडवणीच्या कॉलेजात माझ्या नवऱ्याची कारकुनाची नोकरी, सगळं त्यानंच बघितलं. लिंबागणेशच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथे दोनदा तो सरपंच होता. दारूला कधी शिवला नाही. जुन्या काविळीनं त्याचं लिव्हर आतल्या आत खाल्लं आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवल्याशिवाय तो वर्ष काढणार नाही असं सांगितलं गेलं. तुकडा कापला तरी देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं, हेही सांगितलं गेलं, आणि हे दुसरं वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ झालं.

रक्तगट दोघींचा जुळला होता. माझा आणि वहिनीचा, म्हणजे अण्णाच्या बायकोचा. वहिनी हडकुळी. तिच्या लिव्हरला दोन महिने थांबायची गरज पडली नसती. पण घरी बैठक बसली तेव्हा आई म्हणाली, "तिचे दोघं शिकायलेत. शेत हाय, गडी हाईत, येणारं जाणारं हाय. ती पडली तर हे घर कोण बघंल?" सगळ्यांनी माना हलवल्या. माझी एकुलती मुलगी लातूरला होस्टेलवर होती. नवऱ्याला दोन वेळचं जेवण मेसवर मिळालं असतं. माझ्यावाचून कुठलंच घर अडत नव्हतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

अण्णानं मात्र कधी मागितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बाईची इच्छा असंल तरच." लहानपणापासून तो मला बाई म्हणतो. त्याचं वाक्य संपलं आणि ओसरीवर बसलेली पंधरा माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "इच्छा हाय." दुसरं काय म्हणणार होते.

वजन उतरवायला मला माहेरीच ठेवून घेतलं. वडवणीला राहिले तर लक्ष कोण देणार, असं ठरलं. आहार सांगणाऱ्या बाईंनी एक कागद दिला होता. तेल दोन चमचे, साखर बंद, भात बंद, भाकरी दिवसाला दोन. खाली लिहिलं होतं, व्यायामानं रोज सहाशे कॅलरी जाळायच्या. मी त्यांना विचारलं होतं की घरकाम धरायचं का. धुणं, झाडलोट, पाणी भरणं, पहाटेपासून सुरू असतं. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या शरीराला सवयीचं झालंय, त्यानं आता वजन उतरणार नाही. वेगळा व्यायाम लागेल." वीस वर्षांच्या कामाचा असा एका वाक्यात निकाल लागला.

चुलतभावानं मनगटावर बांधायचं घड्याळ आणलं. किती पावलं झाली, किती कॅलरी जळाल्या, ते त्याच्यावर दिसायचं. आंघोळीपुरतं सोडलं तर ते काढायचं नाही अशी मला ताकीद होती.

दिवस असा जायचा. सकाळी साडेपाचला उठून लिंबागणेशच्या रस्त्यानं चालायला निघायचं. जाताना चार किलोमीटर, येताना चार. मधे बालाघाटाचा एक चढ लागतो. तो चढ भरभर चढला तर घड्याळातला आकडा पळायला लागतो हे मला दोनच दिवसांत कळलं. सपाटीवर तासभर चालून जेवढं जळत नाही, तेवढं त्या चढावर खालीवर केलं की अर्ध्या तासात जळतं. आल्यावर स्लॅबवर दोरीवरच्या उड्या. पहिल्या दिवशी अकरा मारल्या आणि खाली बसले. महिनाभरानं सलग दोनशे मारत होते. दुपारी जिना. आमच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत, त्या चाळीस वेळा चढायच्या आणि उतरायच्या. संध्याकाळी पुन्हा चालणं, पण ते गावातल्या गावात, मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत. बाया दारात उभ्या राहून बघायच्या. कुणी म्हणायचं, "उतरली गं, गालावर दिसायलंय." म्हातारी माणसं हात जोडायची. ते मला सगळ्यात जास्त जड जायचं.

सकाळच्या चालण्याला मी एकटी नसायची. बाईमाणसानं रस्त्यानं एकटं कसं जायचं म्हणून चुलतभाऊ मोटरसायकलवर मागं मागं यायचा. पहिल्या गिअरमध्ये, माझ्या चालीनं. पाठीमागं ती गाडी सारखी गुरगुरत असायची. मी थांबले की तीही थांबायची. एकदा मी मागं वळून म्हणाले, "तू घरी जा रे, मी काय पळून चालले का?" तो हसला. गाडी मात्र त्यानं बंद केली नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तो माझं मनगट धरून आकडा मोठ्यानं वाचायचा. "पाचशे ऐंशी."

आई म्हणायची, "वीस कमी पडल्या की."

मग मी ताटावरून उठून अंगणात वीस कॅलरीच्या उड्या मारायची आणि घामेजलेली येऊन अर्धी भाकरी खायची. दर सोमवारी ओसरीत वजनकाटा मांडला जायचा. मी त्यावर चढायच्या आधी आई देवाला हात जोडायची. त्र्याहत्तरवरून सुरुवात झाली होती. एकाहत्तर, सत्तर, अडुसष्ट, सदुसष्ट. प्रत्येक आकड्याला घरात आनंद व्हायचा. माझं अंग जसं हलकं होत होतं तसं ते ऑपरेशनचं टेबल जवळ येत होतं. मीच माझ्या पायांनी त्याच्याकडं चालत होते, तेही रोज आठ किलोमीटर.

मला मरणाची भीती होती. तेवढंच नव्हतं, पण तेच मोठं होतं. देणारा दगावला असं क्वचित होतं, हे डॉक्टरांनी कागदावर सही घेताना सांगितलं होतं. घरातल्यांना त्यातला "क्वचित" ऐकू आला, मला "दगावला". मुलगी बारावीला होती. तिच्याशी फोनवर बोलताना मी रोज मनात हिशेब करायची की मी गेले तर ती कुणाजवळ राहील.

पाचव्या आठवड्यात सीताफळं पिकली. त्या चढाच्या बाजूला डोंगरात ती आपोआप उगवतात, कुणाची मालकी नसते. चुलतभाऊ चढाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर थांबायला लागला होता, कारण वरून खाली येणारा रस्ता एकच. पहिल्या दिवशी मी खरंच बसायला म्हणून झुडपामागं गेले. हातापाशी डोळे पडलेलं, पिकलेलं सीताफळ होतं. मी ते फोडून उभ्या उभ्या खाल्लं. मग दुसरं. दुसऱ्या दिवशी चार. सगळा गोडवा, सगळी साखर. बिया मी लांब थुंकायची, कुणी मोजणार असल्यासारखी. त्या सोमवारी काटा हलला नाही. पुढच्या सोमवारीही नाही.

घरात चिंता पसरली. दोरीच्या उड्या वाढल्या, भाकरी दीडवर आली. आई म्हणाली, "घड्याळ तर बराबर दाखवायलंय, मग उतरंना कावून?" मी म्हणाले, "अंगाचा धर्म असंल एकेकाचा." वहिनी चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

असंच एकदा झुडपामागं खात असताना मागून आवाज आला, "पोटुशी हाईस का बाई?" मेंढरं वळणारी एक बाई होती, माझ्याच वयाची, काठीला फडक्याचं गाठोडं अडकवलेली. मी दचकले. "न्हाई," मी म्हणाले, "भावाला लिव्हर द्यायचंय. त्याच्यासाठी बारीक व्हायलेय."

"मग खायलीस कावून?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "द्यायचं न्हाई म्हनून."

हे मी तोवर कुणालाच बोलले नव्हते. स्वतःशीसुद्धा नाही. ती बाई काही दचकली नाही. "घरी बोल्लीस का?"

"न्हाई."

"कावून?"

"कुणी इचारलंच न्हाई."

ती पुढं काही बोलणार होती, पण तिची दोन मेंढरं खालच्या तुरीत घुसली आणि ती शिव्या देत तिकडं पळाली. तिच्या मागं कुणी गाडी घेऊन नव्हतं. ती दिवसाला किती चालत असेल, त्याच्या किती कॅलरी होत असतील, हे कुणी वाचत नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. मग तुरीतून धापा टाकत वर येताना तिचे पाय बघितले, भेगाळलेले, आणि हेवा वाटल्याची लाज वाटली.

त्याच आठवड्यात अण्णाला रक्ताची उलटी झाली. बीडला नेऊन आणलं, पोटातलं पाणी काढलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे होते आणि हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात फेऱ्या मारत होते तर तो काठी टेकत माझ्याबरोबर चालायला आला. दहा पावलं चालला आणि खांबाला धरून उभा राहिला.

"लई तरास द्यायलो न्हवं का तुला, बाई?"

"न्हाई रे."

"मला कळतंय," तो म्हणाला. पण काय कळतंय ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. त्याचा श्वास जागेवर यायला वेळ लागत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर हाताला नुसती हाडं लागली.

त्यानंतर मी सीताफळाला हात लावला नाही. चढ दोनदा चढायच्या जागी चारदा चढले. घड्याळात आठशे दिसायला लागले. भाऊ डोळ्यांदेखत वाळत होता आणि मी झुडपामागं लपून गर खात होते, ह्या विचारानं मी स्वतःलाच हाकत होते. आणि ह्याच दिवसांत एक वेगळीच गोष्ट झाली. मला चालणं आवडायला लागलं. चढाच्या माथ्यावर पोचले की दम लागायचा नाही. खाली गाव दिसायचं, उसाचे हिरवे तुकडे, रस्त्यावरनं केजकडं निघालेली एसटी. पाय हलके वाटायचे. गुडघे दुखायचे थांबले. एकेचाळीस वर्षांत माझ्या अंगाकडं मी कधी असं लक्ष दिलं नव्हतं. आणि आता दिलं, तर ते दुसऱ्यासाठी तयार होत होतं.

आठव्या सोमवारी काटा पासष्टवर थांबला. आईनं पेढे वाटले.

पुण्याला पुन्हा स्कॅन झालं, ह्या खेपेला आई आणि वहिनीही बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी एका समुपदेशक बाईंनी मला एकटीला आत बोलावलं. नवरा उठला तर त्यांनी त्याला बाहेरच थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. त्या म्हणाल्या, "चरबी बरीच उतरली आहे. मेहनत केलीत तुम्ही. आता मला एक सांगा. हे तुम्ही तुमच्या मनानं करताय का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागले. त्यांनी घाई केली नाही. पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"नाही म्हणालात तर तुमचं म्हणणं ह्या खोलीबाहेर जाणार नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की दाता म्हणून तुम्ही योग्य नाही. कारण सांगत नाही."

"आन मग त्याचं काय व्हईल?"

"ते बघणं आमचं काम. मी तुमच्याबद्दल विचारतेय."

माझ्याबद्दल कुणी विचारावं ह्याची मला सवयच नव्हती, मी रडायला लागले. रडत रडतच म्हणाले, "मला भ्या वाटतंय. मला न्हाई करायचं." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

बाहेर डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं की माझं लिव्हर घेता येणार नाही. नवरा खाली बसला. आई म्हणाली, "आनखी एक महिना करंल ती. आनखी पाच किलो उतरवंल." डॉक्टर म्हणाले, आता महिना नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. मला वाटलं, माझ्या पाठीवर सगळं लिहिलेलं आहे.

वहिनी जेवणाच्या डब्याची पिशवी हातात धरून थोडी लांब उभी होती. ती पुढं आली आणि म्हणाली, "माझं बघा."

तिच्या तपासण्या झाल्या. बाराव्या दिवशी दोघांचं ऑपरेशन झालं. वहिनीच्या जखमेत पू झाला, ती महिनाभर हॉस्पिटलात होती. पण दोघं घरी आले. अण्णाच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला.

मी वडवणीला परतले. ज्याला त्याला माझं कौतुक. "तुझा काय दोष गं? तू जिवाचं रान केलंस. तुझ्या नशिबी न्हवतं." अशा वेळी मी चहा ठेवायला आत जायची. आणि चालणं बंद झालं. वडवणीच्या बाहेर एक चांगला सरळ रस्ता आहे, सकाळी मोकळा असतो. एकदा गेले तर शेजारणीनं विचारलं, "आता कशासाठी?" तिच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या मनात होतं. जिचं लिव्हर एवढं करूनही नीट झालं नाही, ती बाई चढ चढताना दमली नाही तर लोक काय म्हणतील? मी सडपातळ, तरतरीत दिसणं हे माझ्याच विरुद्ध साक्ष दिल्यासारखं होतं. म्हणून मी घरात बसले. भात सुरू केला, चहात साखर सुरू केली. चार-पाच महिन्यांत एकोणसत्तर झाले. पाय रात्री आपोआप हलायचे. घड्याळ मी कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माहेरी गेले. दुपारी ओसरीत मी आणि वहिनी गहू निवडत बसलो होतो. आई आत झोपलेली, अण्णा शेतात. वहिनी जास्त वेळ मांडी घालून बसू शकत नव्हती, म्हणून पाटावर बसली होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "वन्स, त्या बाईंनी मलाबी इचारलं व्हतं. दार लावून."

माझे हात थांबले.

"मनानं द्यायलीस का म्हनून. मी म्हनलं, व्हय. थोडं खरं बोल्ले, थोडं खोटं." तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "तुमी त्या खोलीतून आदीच आलता. माझ्या मागं द्यायला कुनी न्हवतं."

"वहिनी, मी तवा..."

"मला नका सांगू." ती शांतपणे म्हणाली. "सांगितलं तर ते मला वागवावं लागंल. मला आता जड उचलायला मना केलंय."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी पाया पडले असते, काहीतरी झालं असतं. सूप पाखडून झाल्यावर ती म्हणाली, "आन तुमी परत फुगलाव कावून? गुडघे घेऊन बसताल. बंद कावून केलं?"

"लोक काय म्हनतील?"

"लोकांच्या पोटाला टाके न्हाईत," ती म्हणाली आणि गव्हाचं पोतं मला उचलायला सांगून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून लिंबागणेशच्या रस्त्याला लागले. मागं गाडी नव्हती, मनगटाला काही नव्हतं. चढाच्या मध्यावरच दम लागला आणि तिथल्या दगडावर बसावं लागलं. वर गेले नाही. परत आले तेव्हा अण्णा अंगणात कोवळ्या उन्हाला खुर्ची टाकून बसला होता. घामानं भिजलेल्या मला त्यानं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आता कुणासाठी गं चालायलीस, बाई?"

"कुणासाठी न्हाई," मी म्हणाले. "आशीच."

मला वाटलं, आता विचारणार. मी तयारही होते, पायातली चप्पल तशीच ठेवून उभी होते. मग त्यानं खुर्ची थोडी उन्हात सरकवली आणि म्हणाला, "बरं हाय."